गाव सुटले, दाखला सुटेना : संचारस्वातंत्र्य आणि १९९० सालचा एक निकाल



मागच्या व्याख्यानात आपण युरोपीय संघातल्या मुक्त संचाराविषयी बोललो. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी आम्हाला जिन्यात गाठले. म्हणाले, "सर, विषय छान होता, पण आपल्याकडे हा प्रश्नच नाही. पुण्याहून पाटण्याला जायला कुठे व्हिसा लागतो?" आम्ही हसून 'खरं आहे' म्हटले आणि घरी आलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. प्रश्नच नाही, असे आपण ज्याविषयी म्हणतो तिथेच पुष्कळदा प्रश्न मुरलेला असतो. चाळीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवून एवढी एक सवय आम्हाला लागली आहे. तेव्हा आजचे व्याख्यान त्या श्रोत्यांच्या नावे.

आज आपण एका निकालपत्राची समीक्षा करणार आहोत. कादंबरीची करतात तशीच. त्यात काय म्हटले आहे, कशाच्या आधारावर म्हटले आहे, आणि काय म्हणायचे राहून गेले आहे, हे पाहायचे. आम्ही वकील नव्हे. पण निकालपत्र हा शेवटी युक्तिवाद असतो, आणि युक्तिवाद तपासणे हे आमचे जुने काम.

आधी राज्यघटना काय देते ते पाहू. अनुच्छेद १९ मध्ये नागरिकाला भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क आहे. आणि त्याच्याच शेजारी, कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क आहे. हे दोन हक्क वेगळे आहेत बरं का. १७९५ साली चिरंतन शांततेवर लिहिलेल्या निबंधात कांट हाच फरक करतो. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू समजू नये, एवढा हक्क सगळ्यांचा. पण घरातला पाहुणा होण्याचा हक्क मात्र वेगळ्या कराराशिवाय मिळत नाही, असे तो म्हणतो. आपली राज्यघटना कांटच्या पुढे गेली. तिने भेटीचाही हक्क दिला आणि घर करण्याचाही. का? तर इथे घर एकच आहे, असे तिने गृहीत धरले. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हे स्पष्ट केले होते. अमेरिकेत दुहेरी नागरिकत्व आहे, संघराज्याचे आणि घटक राज्याचे. आपल्याकडे राज्यव्यवस्था दुहेरी असली तरी नागरिकत्व एकच. महाराष्ट्राचा नागरिक, आंध्रचा नागरिक असा प्रकार इथे नाही.

आता या एका घरात एक मुलगा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, तेव्हा काय झाले ते पाहू.

आंध्र प्रदेशात तेनाली नावाचे गाव आहे. तिथे जन्मलेला हा मुलगा. त्याची जमात आंध्रच्या अनुसूचित जमातींच्या यादीत होती. वडिलांना त्या दाखल्यावर केंद्र सरकारच्या खत कंपनीत राखीव जागेवर नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीपायी १९७८ साली कुटुंब मुंबईला आले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. शाळा मुंबईत, बारावी मुंबईत. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी त्याने अनुसूचित जमातीच्या जागेवर अर्ज केला. महाविद्यालय कोणते, तर परळचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, आपण केईएम म्हणून ओळखतो ते. उत्तर आले की तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ मे १९९० ला घटनापीठाने निकाल दिला. 'मर्री चंद्रशेखर राव' या नावाने तो ओळखला जातो. दावा मान्य झाला नाही.

न्यायालयाचे म्हणणे आधी नीट, त्याच्या बाजूने समजून घेऊ. टीका करायची तर समोरच्याचा युक्तिवाद त्याच्याहून चांगला मांडता आला पाहिजे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू. अनुच्छेद ३४१ आणि ३४२ नुसार राष्ट्रपती जाती-जमातींची यादी जाहीर करतात, ती 'त्या राज्याच्या संबंधात'. न्यायालयाने सगळा भर या तीन शब्दांवर दिला. मागासलेपण हवेत नसते, ते विशिष्ट भूमीत, विशिष्ट समाजात असते. एका राज्यात जी जात गांजलेली आहे ती दुसऱ्या राज्यात तशी असेलच असे नाही. एका राज्याचा दाखला सगळीकडे चालवला तर त्या तीन शब्दांना काही अर्थच उरणार नाही. शिवाय बाहेरून आलेल्यांना वाटा दिला, तर इथल्या दलित-आदिवासींच्या ताटातून तो जाणार. १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्याच आणखी एका प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व अधिक पक्के केले. दोन्ही राज्यांच्या याद्यांत जातीचे नाव एकच असले तरी उपयोग नाही. आणि २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांपुरते ते पुन्हा उचलून धरले.

युक्तिवाद भक्कम आहे. मग आमची तक्रार काय?

पहिली तक्रार अशी. मागासलेपण भूमीशी बांधलेले असते, हे वाक्य अर्धे खरे आहे. आदिवासीचे जंगल भूमीशी बांधलेले असते. पण जातीचे काय? आपल्या भाषेत एक जुनी कोटी आहे, 'जी जात नाही ती जात'. ही कोटी कुणा समाजशास्त्रज्ञाने केलेली नाही, लोकांनी अनुभवाने केली. माणूस गाव सोडतो, बोली सोडतो, धंदा सोडतो. मुंबईच्या चाळीत येतो. खोली भाड्याने मागताना आडनाव विचारले जाते, आणि तिथे ती पुन्हा दारात उभी! न्यायालयाने मागासलेपणाला घराच्या पत्त्यासारखे मानले, ते घरी ठेवून माणूस बाहेर पडू शकतो असे. प्रत्यक्षात ते कातडीसारखे असते. यादी राज्यागणिक बदलते, म्हणून दुःखही राज्यागणिक बदलते, असा निष्कर्ष काढला गेला. यादी हे दुःख मोजण्याचे साधन. मोजपट्टी बदलली म्हणून उंची बदलत नाही. तर्कशास्त्रात या चुकीला फार साधे नाव आहे, खुणेला वस्तू समजणे.

मोजपट्टी कशी बदलते, पाहा. बंजारा समाज घ्या. तेलंगणात तो अनुसूचित जमात. कर्नाटकात अनुसूचित जात. महाराष्ट्रात विमुक्त जाती. तोच तांडा, तीच बोली, तेच नातेगोते, आणि तीन राज्यांत तीन नावे. वडार समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत, महाराष्ट्रात विमुक्तांत. परीट-धोबी उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींत, आपल्याकडे इतर मागासवर्गात.

हे राज्याराज्यांतच आहे असे समजू नका. कैकाडी समाज विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जाती आहे, आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जाती. म्हणजे जालन्याहून देऊळगाव राजाला एसटीने तासाभरात जाता येते. दोन्हीकडे सरकार तेच, भाषा तीच, पण मराठवाड्यातून बुलढाणा जिल्ह्यात शिरलो की कैकाड्याचा प्रवर्गच वेगळा! १९७६ च्या कायद्याने बहुतेक जातींवरचे असे क्षेत्रबंधन उठले. कैकाड्यांवरचे राहिले. ते उठवावे म्हणून हा समाज कित्येक वर्षे मागणी करतो आहे. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे नाव 'उपरा' आहे, १९८० सालचे. कैकाडी समाजातल्या लेखकाला आपल्या आयुष्यासाठी हाच शब्द सुचावा, यात नवल ते काय.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि आज त्यासाठीच आम्ही उभे आहोत.

१९८४ साली डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी एक तत्त्व मांडले. भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास असे काही नसते. राज्ये 'डोमिसाईल' म्हणतात तेव्हा त्यांना खरे तर 'वास्तव्य' म्हणायचे असते. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले, आणि वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतले वास्तव्यावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले. २०१४ मध्येही असेच झाले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेत स्त्रियांना त्या कामाचे सभासदत्व मिळत नव्हते, आणि महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची अटही होती. एका स्त्रीने दाद मागितली आणि न्यायालयाने दोन्ही गोष्टी रद्द केल्या. उत्तम. या निकालांतून एकच आवाज येतो. देश एक, माणूस कुठेही जाईल, आणि जाईल तिथला होईल.

आता १९९० चा आवाज ऐका. तो म्हणतो, माणूस कुठेही जाईल, पण राहील मूळचाच.

हे दोन्ही आवाज एकाच न्यायसंस्थेचे आहेत. मग फरक कुणामुळे पडतो? जाणाऱ्या माणसामुळे. व्यवहारात काय होते ते पाहू. एखादे खुल्या प्रवर्गातले कुटुंब इंदूरहून पुण्यात येते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर अधिवास प्रमाणपत्र मिळते. सेतू केंद्रात अर्ज करायचा, शाळेचा दाखला, वीजबिल, भाडेकरार जोडायचा. मुलाने दहावी-बारावी इथून केली की वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी तो महाराष्ट्राचा उमेदवार. कुणी विचारत नाही की तुझे आजोबा कुठले. विचारूही नये.

आता त्याच इंदूरहून, त्याच वर्षी, त्याच गाडीने एक दलित कुटुंब येते. पंधरा वर्षांनी त्यांनाही अधिवास मिळतो. पण जातीच्या दाखल्यासाठी ते गेले की प्रश्न येतो, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा आणा. ही तारीख या सभागृहात अनेकांना पाठ असेल. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, वंशावळ, आणि मग पडताळणी समितीची व्हॅलिडिटी. आजोबा त्या तारखेला इंदुरात होते, तर नातू पुण्यातल्या दवाखान्यात जन्मलेला असला तरी या हक्कापुरता इंदूरचाच.

म्हणजे काय झाले? सर्वसामान्य माणूस पंधरा वर्षांत महाराष्ट्राचा होतो. दलित माणूस तीन पिढ्यांतही होत नाही. एकाच्या बाबतीत काळ पुढे सरकतो. दुसऱ्याच्या बाबतीत तो १९५० वर थांबलेला आहे. ज्या राज्यघटनेने जन्मावरून माणसाची जागा ठरवणे बंद करायचे ठरवले, तिच्याच अंमलबजावणीत जन्मस्थानावरून, नव्हे, आजोबांच्या जन्मस्थानावरून माणसाची जागा ठरते. आणि ती नेमकी त्यांचीच ठरते, ज्यांच्यासाठी ती तरतूद केली होती. आमची खरी तक्रार ही आहे.

आमच्या वर्गात बऱ्याच वर्षांपूर्वी एक विद्यार्थी होता. आईवडील कर्नाटकातून खडी फोडायच्या कामावर आलेले, वडार. तो इथेच जन्मला, इथेच शिकला, मराठी आमच्यापेक्षा चांगली बोलायचा. एकदा फीमाफीच्या अर्जावर सही घ्यायला आला आणि म्हणाला, "सर, गावाकडं गेलो की मी एससी, इथं मी ओपन. पण शेजारचे लोक मला दोन्हीकडं वडारच म्हणतात." आम्ही सही केली. काय बोलावे सुचले नाही. समतेवरची आमची सगळी व्याख्याने त्या एका वाक्यापुढे फिकी पडली. आजचे बोलणे हे त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर समजा.

आता दुसरी बाजू. ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

महाराष्ट्रात शासकीय आरक्षणात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के वाटा आहे. तो इथल्या याद्यांवर बेतलेला आहे. रायगडचा कातकरी, यवतमाळचा कोलाम, गडचिरोलीचा माडिया, ही केंद्र सरकारच्या लेखी राज्यातली सर्वांत दुर्बळ तीन आदिम जमाती. त्यांच्यातला मुलगा बारावीपर्यंत पोहोचणे हेच मोठे. त्याच्या शेजारी दुसऱ्या राज्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा त्याच जागेसाठी उभा केला, तर न्याय कुणाला मिळेल? हा प्रश्न खरा आहे. राज्यघटनेलाही तो ठाऊक आहे. अनुच्छेद १९ मध्येच म्हटले आहे की अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी संचारावर वाजवी निर्बंध घालता येतील. म्हणजे दुर्बळाचे रक्षण हे संचारस्वातंत्र्याच्या मर्यादेचे वैध कारण आहे, हे घटनाकारांनी मान्य केले होते.

डॉ. आंबेडकरांनीही ३० नोव्हेंबर १९४८ ला हीच चिंता बोलून दाखवली. सरकारी नोकऱ्यांसाठी वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार संसदेला असावा की नको, यावर चर्चा चालू होती. त्यांचे म्हणणे असे, की या प्रांतातून त्या प्रांतात नुसते उडणाऱ्या पाखरांनी यावे, चांगल्या जागा टिपाव्यात आणि निघून जावे, असे होऊ देता येणार नाही. मात्र ही अट राज्यांनी नव्हे, संसदेने घालावी, म्हणजे ती सगळीकडे सारखी राहील. अनुच्छेद १६ मध्ये ती तरतूद तशीच आली.

हे नीट ऐका हं. आंबेडकरांचा आक्षेप पाखरांवर आहे, घरटे बांधणाऱ्यांवर नाही. ज्याची मुळे नाहीत, जो टिपून जाणार आहे, त्याच्यावर. ज्याने इथे संसार मांडला, ज्याची मुले इथे जन्मली, तो पाखरू कसा? १९९० च्या निकालाने पाखरू आणि घरटेकरी यांना एकाच पिंजऱ्यात बसवले. आणि अधिकाऱ्याच्या मुलाचा मुद्दा? तो आर्थिक सुस्थितीचा मुद्दा आहे, परकेपणाचा नाही. सुस्थितीवर उपाय करायचा तर तो सुस्थितीच्या निकषावर करा, आणि मग तो इथल्या अधिकाऱ्याच्या मुलालाही लावा. एका आक्षेपाच्या पोटात दुसरा आक्षेप लपवणे हे युक्तिवादात चालत नाही.

मग करायचे काय? आमच्या मते चूक इथे होते, की हक्क हा एकच जिन्नस आहे असे आपण धरतो. आपण त्याचे तीन भाग करू. देह, भाकरी आणि वाटा.

देहाचा हक्क म्हणजे सुरक्षितता आणि मान. तो माणसासोबत त्याच क्षणी गेला पाहिजे. इथे एक आनंदाची गोष्ट आहे, आणि ती आपल्याच उच्च न्यायालयाची. प्रश्न असा होता की दुसऱ्या राज्यातल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा महाराष्ट्रात जातीवरून अपमान झाला, आणि त्याची जात इथल्या यादीत नाही, तर ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो का? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले, होतो. देशात कुठेही होतो. बघा, इथे न्यायालयाने मान्य केले की जात माणसाबरोबर प्रवास करते. जखम प्रवास करते हे मान्य, तर मलम अजिबात प्रवास करू शकत नाही असे म्हणणे आता कठीण आहे.

दुसरा भाकरीचा हक्क. तो तिकिटाबरोबर गेला पाहिजे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले होते. जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघाले होते, गाडी मिळेल या आशेने. संचाराचा मूलभूत हक्क त्यांच्या खिशात होता. रेशनकार्ड मात्र गावच्या दुकानाला बांधलेले. परराज्यात काम होते तोवर भाकरी होती, काम थांबले आणि भाकरीचा हक्क आठशे-हजार किलोमीटर लांब राहिला. म्हणून चालावे लागले. 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेचा प्रयोग २०१९ च्या ऑगस्टमध्येच सुरू झाला होता, महाराष्ट्र-गुजरात ही तर पहिल्या जोड्यांतली एक. पण सर्व राज्यांनी ती ३१ जुलै २०२१ पर्यंत लागू करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, तो त्या चालण्यानंतर. आज बिहारचा मजूर वाघोलीतल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकतो. म्हणजे हक्क चालता करता येतो. अशक्य काही नव्हते, इच्छा नव्हती.

तिसरा वाट्याचा हक्क, म्हणजे आरक्षण. हा सर्वांत अवघड, कारण इथे एकाला देताना दुसऱ्याचे कमी होऊ शकते. तो त्याच दिवशी प्रवास करावा असे आम्ही म्हणत नाही. पण 'कधीच नाही' आणि 'लगेच' यांच्यामध्ये काळ नावाची एक गोष्ट असते. युरोपकडे पुन्हा पाहू. तिथे तर एक राष्ट्र नाही, एक भाषा नाही. दुसऱ्या सदस्य देशात तीन महिने कुणीही राहू शकतो. पुढे काम असेल किंवा स्वतःचा भार स्वतः उचलता येत असेल तर राहता येते. पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की कायम वास्तव्याचा हक्क, आणि सामाजिक मदतीतही बरोबरी. तिथे हक्क आंब्यासारखा पिकतो, वेळ लागतो, पण पिकतो. बेल्जियममध्ये शिकणारा एक फ्रेंच विद्यार्थी पहिली तीन वर्षे छोटी कामे करून शिकला आणि शेवटच्या वर्षी त्याने किमान निर्वाहभत्ता मागितला. २००१ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेच न्यायालय २०१४ मध्ये म्हणाले की काम न शोधता केवळ मदतीसाठी राहणाऱ्याला देश नाही म्हणू शकतो. म्हणजे पाखरू आणि घरटेकरी यांच्यातला फरक त्यांनी केला. तो फार उदार आहे असे आम्ही म्हणत नाही, ब्रिटन तर या प्रश्नावर संघ सोडूनच गेले. पण त्या व्यवस्थेत कॅलेंडर आहे. आपल्याकडे या एका बाबतीत कॅलेंडर भिंतीवर १९५० चेच टांगलेले आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जो इथे जन्मला आणि इथेच दहावी-बारावी झाला, किंवा ज्याच्या कुटुंबाने इथे ठरावीक वर्षे काढली, ज्याची जात किंवा जमात मूळ राज्याच्या यादीत आहे, त्याच्यासाठी वेगळ्या, वाढीव जागा असाव्यात. वाढीव म्हणजे कातकऱ्याच्या, कोलामाच्या ताटातून काढलेल्या नव्हेत. केंद्राने त्यांचा भार उचलावा, कारण संचार ही केंद्राने दिलेली हमी आहे. आणि सुस्थितीची चाळणी त्याला असावी. यात अडचणी निघतील, खोटे दाखले निघतील. खोटे दाखले आजही निघतात, म्हणून आपण खरे दाखले बंद केलेले नाहीत.

हे करणार कोण? इथे त्या निकालपत्राला श्रेय दिले पाहिजे. स्थलांतर केलेल्या दलित-आदिवासींसाठी योग्य तो कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असे १९९० मध्ये न्यायालयानेच सुचवले होते. आपण दाखवलेली वाट कुठेतरी बंद होते आहे, याची जाणीव त्या न्यायाधीशांना होती. त्यांनी दार लावले, पण कडी घातली नाही. पस्तीस वर्षे झाली. सरकारे सर्व रंगांची आली. ते दार कुणी ढकलून पाहिले नाही. कारण उघड आहे. स्थलांतरित माणूस इथे उपरा, तिथे गैरहजर. त्याचे मत दोन्हीकडे मोजले जात नाही. तेव्हा आमच्या टीकेचा मोठा वाटा न्यायालयाच्या पदरात नाही, संसदेच्या आणि आपल्या सगळ्यांच्या पदरात पडतो.

आपल्या म्हणजे महाराष्ट्राच्याही. स्थानिक आणि परप्रांतीय हा वाद या राज्यात साठ वर्षे तापवला गेला. त्या सगळ्या आरडाओरड्यात एक प्रश्न कधी विचारला गेला नाही. बाहेरून आलेल्यांत सर्वांत खाली कोण आहे? आपण परप्रांतीय म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याच्यातही एक दलित असतो, आणि तो दोनदा उपरा असतो. पुणे हे तर शिक्षणासाठी आलेल्यांचे शहर. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये इथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ते स्वतः निफाडचे. या शहराला मोठे करणारे कितीतरी लोक बाहेरून आले आणि इथले झाले. येणाऱ्याला इथला होऊ देणे हे या गावाला नवे नाही.

जिन्यात भेटलेल्या त्या श्रोत्यांना आता उत्तर देतो. पुण्याहून पाटण्याला जायला व्हिसा लागत नाही, हे खरे. पण पाटण्याहून पुण्याला येताना काही माणसांना आपला एक हक्क स्टेशनवर ठेवून यावे लागते, आणि तो परत न्यायला नातवंडांनाही परवानगी नसते. माणूस चालतो आणि हक्क मागे राहतो, तेव्हा ते स्वातंत्र्य फक्त पायांचे असते.

आणि त्या वडार विद्यार्थ्याला. बाळ, तू म्हणालास ते बरोबर होते. तुझे शेजारी दोन्हीकडे तुला एकच समजत होते. चूक कायद्याची होती, त्याने तुला दोन समजले.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विरोधी असतील तर आधी ते घेऊ.